हातचा न घेणारी संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१. उलटी वाचली तरी तीच. सतरा अंकांची ही संख्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तल्या स्थानांच्या यादीत थेट ‘मध्य’ स्थानापर्यंत पोहोचते. त्यापुढे उरतो तो फक्त परार्ध. नऊ वेळा १ लिहून तयार होणाऱ्या १११११११११ चा वर्ग केला की ही मिळते.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) अशा संख्यांना ‘डेम्लो’ म्हणत. हे जी.आय.पी. रेल्वेवरच्या एका स्टेशनाचे नाव. ते स्टेशन म्हणजे आजची डोंबिवली, असे सांगतात. डेम्लो संख्येचे तीन तुकडे पडतात. आपल्या संख्येत मधला ९, डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. दोन्ही बाजूंची बेरीज ९९९९९९९९, म्हणजे मधल्याच अंकाची माळ.

हे का घडते, ते गुणाकार मांडल्यावर दिसते. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेले. बेरजेला उजवीकडून पहिल्या रकान्यात एकच १ येतो, दुसऱ्यात दोन, नवव्यात नऊ, मग उतरण. कुठेही हातचा येत नाही, सगळे रहस्य एवढेच. दहा एकांचा वर्ग करा. दहाव्या रकान्याची बेरीज दहा होते. शून्य लिहून हातचा एक. अकराव्यात नऊ अधिक तो एक, पुन्हा शून्य आणि पुन्हा हातचा. बाराव्यात आठाचे नऊ होतात आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ हातच्याने गिळला!

हाच ८ आणखी एका ठिकाणी हरवतो. १११११११११ ला ९ ने भागले की १२३४५६७९ येतात. १ भागिले ८१ केले तर दशांश चिन्हापुढे ०१२३४५६७९ हाच गट फिरत राहतो. तिथलाही चोर हातचाच.

आपल्या संख्येतल्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, जो १२३४५६७९ चा वर्ग आहे. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे नावही कापरेकरांनीच दिले.

दशमान पद्धत सोडली की हा डोलारा बदलतो. बाराच्या पायावर मोजणाऱ्याला अकरा एकांपर्यंत हा खेळ खेळता येईल. म्हणूनच अशा कामाला करमणूक म्हणणारे गणिती आहेत, आणि त्यात तथ्य आहे. पण हातचा कुठे येतो आणि तो काय करतो हे ज्याला कळले, त्याला स्थानमान कळले, असे माझे मत आहे. कापरेकरांची जगाला ओळख झाली ती १९७५ साली, गणिती करमणुकीवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांच्या लेखामुळे. तेव्हा ते सत्तरीत होते.

मुलांना हा गुणाकार कागदावरच करायला द्या. संगणकावरची नेहमीची स्प्रेडशीट पंधरा अंकांपुढे शून्ये भरते. तिच्यात शेवटचे २१ दिसणार नाहीत.