पंक्चर न होणारा टायर : घेण्यापूर्वी काय पाहावे?

गोदामातून टेम्पोपर्यंत कापडाच्या गाठी नेणारी ट्रॉली असो, बांधकामावरची एकचाकी गाडी असो की रोपवाटिकेतील खताची गाडी, तिचे चाक बसले की कामही बसते. टेम्पोवाला खोळंबतो, हमालाची खेप बुडते. म्हणून अनेक व्यापारी बंधू आम्हाला विचारतात, ‘पंक्चरप्रूफ’ टायर घ्यावा का? आमचे सांगणे असे की, या एकाच नावाखाली तीन प्रकारचा माल विकला जातो. तो ओळखूनच पैसे मोजावेत.

पहिला प्रकार भरीव रबराचा. खिळा, काच, बाभळीचा काटा, कशालाही तो दाद देत नाही. पण जड आणि कडक. गोदामाच्या फरशीवर उत्तम. खडबडीत रस्त्यावर मात्र प्रत्येक धक्का बेअरिंगला आणि गाडी ढकलणाऱ्याच्या मनगटाला बसतो.

दुसरा पॉलियुरेथेन फोमचा. आत हवेचे बारीक बुडबुडे असल्यामुळे तो हलका व थोडा नरम असतो. बागकामाला, मध्यम ओझ्याला चांगला. मात्र भरलेली गाडी बरेच दिवस एका जागी उभी राहिली तर तो दबून चपटा होऊ शकतो. वर्षानुवर्षे ऊन व ओल लागल्यास झिजून तुटू लागतो.

तिसरा म्हणजे हवेचाच टायर, ट्यूबमध्ये सीलंट घातलेला. खिळ्याचे बारीक छिद्र त्याने बुजते, बाजूची चीर बुजत नाही. हवाही तपासत राहावी लागते. तरी मऊ मातीत व खाचखळग्यांत हाच हलका चालतो.

आता मापाविषयी. टायरवर 4.00-8 असे लिहिलेले असेल तर रुंदी 4 इंच आणि रिमचा व्यास 8 इंच. एवढ्यावर भागत नाही. आम्ही एकदा हेच माप पाहून चाक आणले. आमचा एक्सल 16 मिलिमीटरचा, चाकाचे भोक 20 मिलिमीटरचे! चाक डुगडुगू लागले आणि दिवस वाया गेला. तेव्हापासून आम्ही जुने चाक सोबत घेऊनच दुकानात जातो. भरीव किंवा फोमचा टायर जुन्या रिमवर चढविणे अवघड असते. रिमसकट तयार चाक घेणे बरे. किती किलो ओझे पेलते, तेही विचारावे.

शेवटी एकच विनंती. गाडी भरून मालकाने स्वतः एक खेप ढकलून पाहावी. पंक्चरचे पैसे वाचले आणि हमालाची पाठ धरली, तर त्या सौद्यात बरकत नाही.