आमचाही डाव मोजा

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळी लक्ष्मीपूजनाला संपत नाही. भाऊबीजेपासून गावोगाव मंडया म्हणजे जत्रा भरू लागतात, रात्री दंडार हे लोकनाट्य नाहीतर नाटक रंगतं आणि हलके धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांमध्ये पोरांना खेळायला जागा मिळते. गोंदिया तालुक्यातलं कामठा हे याच धानपट्ट्यातलं जुनं गाव. एकेकाळी मोठ्या जमीनदारीचं ठाणं, आज लहरीबाबांच्या आश्रमामुळे आणि शेजारच्या बिरसी विमानतळामुळे लोकांना माहीत असलेलं. इथे काय किंवा महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात काय, कबड्डीचा नाहीतर क्रिकेटचा डाव सुरू झाला की कडेला एखादा मुलगा उभा दिसतो. वयाने खेळणाऱ्यांच्या बरोबरीचा, कधी त्यांच्याहून मोठासुद्धा. चेंडू लांब गेला की तो धावत जाऊन आणून देतो. कुणी चौकार मारला की सगळ्यात आधी टाळ्या त्याच्या. कधीमधी त्यालाही डावात घेतात, पण कच्चा लिंबू म्हणून. तो बाद झाला तरी बाद नाही, आणि त्याने काढलेली धाव धावफलकावर चढत नाही.

लहान भावंडांना पोरं असंच खेळवतात आणि त्यात प्रेमच असतं. फरक एवढाच, की लहान भाऊ दोन वर्षांत मोठा होतो आणि त्याचा डाव मोजला जाऊ लागतो. बौद्धिक दिव्यांग मुलगा चाळिशीला आला तरी कच्चा लिंबूच राहतो. प्रसाद ओक यांनी 2017 साली बौद्धिक दिव्यांग मुलाच्या आईवडिलांवर चित्रपट केला, जयवंत दळवींच्या ‘ऋणानुबंध’ या कादंबरीवरून. त्याला नाव दिलं ‘कच्चा लिंबू’. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

2011च्या जनगणनेत देशात बौद्धिक दिव्यांगांची नोंद सुमारे 15 लाख होती, महाराष्ट्रात सुमारे 1 लाख 60 हजार. नोंदीबाहेर किती राहिले असतील, याचा अंदाज खेड्यात राहणाऱ्या कुणालाही येईल. ‘आमचा पोरगा थोडा साधा आहे’ एवढं सांगून घरचे लोक विषय संपवतात. मग प्रमाणपत्र नाही, शाळा नाही आणि मैदान तर नाहीच.

या मुलांनी, या मोठ्या माणसांनी खेळावं तरी कशासाठी?

हा प्रश्न मोठ्यांना विचारला की चटकन उत्तरं येतात. आई म्हणते, तेवढंच अंग हलतं, जेवण पचतं. विशेष शिक्षक म्हणतात, लक्ष एका जागी राहतं, सूचना पाळायची सवय लागते. डॉक्टर वाढत्या वजनाकडे बोट दाखवतात. ही सगळी उत्तरं खरी आहेत. यांपैकी डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचे स्नायू जन्मापासून सैल असतात, सांध्यांचे बंध ढिले असतात आणि जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. बसून राहिलेल्या अशा मुलाचं शरीर लवकर थकतं. नियमित चालणं, धावणं, पोहणं याने त्याची ताकद आणि तोल दोन्ही सुधारतात. मात्र यातल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके अस्थिर असतात. त्यांनी कोलांटउड्या मारणं किंवा पाण्यात सूर मारणं धोक्याचं ठरू शकतं, म्हणून मैदानात उतरवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायलाच हवा.

पण खेळणाऱ्यांनाच विचारलं तर उत्तर वेगळं मिळतं. देशोदेशीच्या अभ्यासकांनी बौद्धिक दिव्यांग खेळाडूंना हाच प्रश्न केला, तेव्हा पुन्हा पुन्हा पुढे आलेली कारणं साधी होती. मजा येते. मित्र भेटतात. जिंकायला आवडतं. गावाबाहेर जायला मिळतं. नवीन काही जमलं की बरं वाटतं. कामठ्याच्या मैदानावरच्या धडधाकट पोराला विचारलं असतं तर त्याने याहून निराळं काय सांगितलं असतं? पचनासाठी कबड्डी खेळणारा मुलगा अजून जन्माला यायचा आहे. या मुलांच्या प्रत्येक हालचालीत आपण उपचार शोधतो आणि त्यांच्या हौसेला औषधाची बाटली करून टाकतो. त्यांनाही खेळ हवा असतो तो खेळ म्हणूनच.

अमेरिकेतल्या युनिस केनेडी श्रायव्हर यांना हे फार लवकर उमगलं. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या त्या बहीण. त्यांची थोरली बहीण रोझमेरी बौद्धिक दिव्यांग होती. दोघी मिळून पोहत, शिडाची होडी चालवत. 1941 साली रोझमेरीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, ती फसली आणि पुढचं सारं आयुष्य तिने संस्थेत काढलं. युनिसबाईंनी 1962च्या उन्हाळ्यात मेरीलँडमधल्या आपल्या घराच्या आवारातच अशा मुलांसाठी खेळांचं शिबिर भरवलं. 20 जुलै 1968 रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर सुमारे एक हजार खेळाडू जमले आणि स्पेशल ऑलिम्पिक्सची पहिली स्पर्धा झाली. मला जिंकू दे, आणि जिंकता नाही आलं तर निदान हिमतीने झुंजू दे, अशा अर्थाची शपथ इथले खेळाडू घेतात. शपथेत जिंकण्याची इच्छा आधी येते, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

आता या स्पर्धांची खरी किमया पाहायची तर पदकांच्या समारंभाआधी एक दिवस मैदानावर जायला हवं. तिथे आधी प्राथमिक फेरी होते. समजा, 50 मीटर धावायचं आहे. कुणी 12 सेकंदांत पोचतो, कुणी 13 सेकंदांत, कुणाला 25 सेकंद लागतात. वय, लिंग आणि या वेळा पाहून तीन ते आठ जणांचे गट पाडतात. एका गटातला सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात संथ यांच्यातलं अंतर साधारण 15 टक्क्यांच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. म्हणजे 12 सेकंदवाल्याच्या शर्यतीत 13 सेकंदवाला येतो, 25 सेकंदवाला येत नाही. त्याची शर्यत त्याच्या तोडीच्या मुलांशी लावली जाते. सोपा गट मिळावा म्हणून प्राथमिक फेरीत कुणी मुद्दाम हळू धावला आणि अंतिम फेरीत भलताच वेगाने सुटला, तर त्याला बाद करण्याचीही तरतूद नियमांत आहे.

या व्यवस्थेमुळे शेवटच्या दहा मीटरांत काय होईल ते सांगता येत नाही. शेजारच्या पट्टीतला मुलगा खांद्याला खांदा लावून येतो, मान पुढे काढावी लागते, दम कोंडतो. आयुष्यात पहिल्यांदाच त्याची धाव मोजली जाते. हरला तर खरोखर हरतो. हरण्याचं दुःखही त्याच्या हक्काचं आहे, आणि दया दाखवताना आपण नेमकं तेच त्याच्याकडून काढून घेतो. पहिल्या तिघांना पदकं मिळतात, चौथ्यापासून आठव्यापर्यंत फिती. ज्यांना धावता येत नाही त्यांच्यासाठी 25 मीटर चालण्याची शर्यत असते, आधार घेऊन 10 मीटर चालण्याची असते, टेनिसचा चेंडू फेकण्याची असते.

बोची नावाचा एक खेळ तर गावातल्या कुठल्याही अंगणात मांडता येईल असा आहे. 60 फूट लांब आणि 12 फूट रुंद पट्टा आखायचा. आधी एक लहान चेंडू पुढे टाकायचा. मग दोन बाजूंनी चार-चार मोठे चेंडू सरपटत सोडायचे. ज्याचा चेंडू लहान चेंडूच्या सर्वांत जवळ, त्याला गुण. खेळणारी मुलगी चेंडू हातात तोलते, समोरच्याचा चेंडू कुठे थांबला ते बघते आणि ठरवते, आपला त्याच्या बाजूने न्यायचा की त्याला ठोकर मारून हटवायचा. हा निर्णय तिचा. ‘इकडे बस’, ‘हे खा’, ‘आता झोप’ एवढंच दिवसभर ऐकणाऱ्या मुलीला दिवसातून आठ-दहा वेळा स्वतः ठरवायला मिळतं आणि त्या ठरवण्याचं फळ लगेच डोळ्यांपुढे दिसतं. जमतंय ही जाणीव, स्वतः निवडण्याची मोकळीक आणि आपली माणसं या तीन गोष्टी मिळाल्या की माणूस एखादं काम मनापासून करतो, असं एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं. बोचीच्या पट्ट्यावर तिन्ही मिळतात.

1996 साली एलिझाबेथ डायकन्स आणि डोनाल्ड कोहेन यांनी अमेरिकी स्पेशल ऑलिम्पिक्स खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. जितकी जास्त वर्षं खेळात, तितकी चारचौघांत वावरण्याची क्षमता अधिक, असं त्यांना आढळलं. जिल्ह्याच्या गावी बसने जाणं, अनोळखी मुलांशेजारी झोपणं, आपलं सामान आपण सांभाळणं हे वर्गात फळ्यासमोर बसून शिकता येत नाही.

भारतात ‘स्पेशल ऑलिम्पिक्स भारत’ ही संस्था हे काम पाहते. अबुधाबीच्या 2019च्या जागतिक स्पर्धेत भारतीय खेळाडूंनी 368 पदकं मिळवली. बर्लिनला 2023 मध्ये 202 मिळाली, त्यात 76 सुवर्ण. इथे गटागणिक पदकं असल्यामुळे हे आकडे ऑलिम्पिकच्या तक्त्याशेजारी ठेवू नयेत. पण घराबाहेर एकटं पाऊल न टाकलेली मुलं विमानाने परदेशी गेली आणि देशाचं नाव लिहिलेला सदरा घालून खेळली, याचं मोल आकड्यांत कमीच दिसतं.

पॅरालिम्पिकची वाट निराळी आणि फार अवघड. तिथे प्राथमिक फेरीतल्या वेळेवरून तोडीस तोड गट पाडत नाहीत, जगातला सर्वोत्तम कोण एवढंच पाहतात. त्या वाटेने गेलेली सर्वांत मोठी भारतीय खेळाडू महाराष्ट्राच्या शेजारची. दीप्ती जीवनजी तेलंगणातल्या वारंगळ जिल्ह्यातल्या कल्लेडा गावची.  आईवडील मोलमजुरी करणारे. मुलगी ‘वेगळी’ म्हणून गावाने टोमणे मारले, नावं ठेवली. प्रशिक्षक नागपुरी रमेश यांनी तिचं धावणं हेरलं. मे 2024 मध्ये जपानच्या कोबे शहरात जागतिक स्पर्धेत तिने 400 मीटरचं अंतर 55.07 सेकंदांत कापून विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं. त्याच वर्षी 3 सप्टेंबरला पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये 55.82 सेकंदांत कांस्य मिळवलं. पॅरालिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली बौद्धिक दिव्यांग भारतीय. पुढे तिला अर्जुन पुरस्कारही मिळाला.

पाय धडधाकट असताना 400 मीटर धावायला अडचण कसली, असं कुणाला वाटेल. अडचण शर्यत समजण्यात असते. प्रत्येक पट्टीची सुरुवात वेगळ्या जागी असते, त्यामुळे बाहेरच्या पट्टीतली मुलगी आधीच पुढे दिसते. पहिल्याच वळणावर सगळी ताकद ओतली तर शेवटच्या सरळ पट्ट्यात पाय दगड होतात. केव्हा राखायचं, केव्हा सोडायचं हे डोक्यात ठेवून धावणं बौद्धिक दिव्यांग खेळाडूला महिनोन्‌महिने घोटवावं लागतं. दीप्तीने ते घोटवलं आणि जगातल्या भल्याभल्यांना मागे टाकलं.

या खेळाडूंवर एक मोठा अन्यायही झाला. 2000च्या सिडनी पॅरालिम्पिकमध्ये स्पेनच्या बास्केटबॉल संघाने बौद्धिक दिव्यांग गटाचं सुवर्ण जिंकलं. नंतर उघड झालं, की 12 पैकी 10 खेळाडू दिव्यांग नव्हतेच. शिक्षा भोगली ती खऱ्या खेळाडूंनी. हा गटच स्पर्धेतून काढून टाकला गेला. अथेन्स गेलं, बीजिंग गेलं. 2012च्या लंडन स्पर्धेत अॅथलेटिक्स, पोहणं आणि टेबल टेनिस या तीनच खेळांत त्यांना परत प्रवेश मिळाला. मधल्या काळात ज्यांचं ऐन खेळायचं वय होतं, त्यांचं ते वय परत येणार नव्हतं.

अठरा वर्षं हा आपल्याकडचा सर्वांत कठीण उंबरठा. विशेष शाळा संपते आणि मुलगा घरी बसतो. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झर इथे अनाथ दिव्यांग मुलांना स्वतःचं नाव देऊन वाढवणारे शंकरबाबा पापळकर यांना 2024 साली पद्मश्री मिळाली. अशा मुलांना अठराव्या वर्षानंतर संस्थेबाहेर काढू नये, त्यांना आयुष्यभराचा आसरा हवा, ही त्यांची वर्षानुवर्षांची मागणी आहे. ज्यांना घर आहे त्यांच्यापुढेही तोच लांबलचक दिवस असतो. रोवणी-कापणीच्या दिवसांत सगळे बांधीत जातात आणि हा ओसरीवर बसून राहतो. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये आठव्या वर्षापासून स्पर्धेत उतरता येतं आणि वरची वयोमर्यादा नाही. पन्नाशीचा माणूसही बोची खेळू शकतो.

सराव किंवा स्पर्धेसाठी खेळाडूकडून पैसे घ्यायचे नाहीत, असं या चळवळीचं धोरण आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016च्या कलम 30ने दिव्यांगांच्या क्रीडा सहभागाची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. 2022 साली महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. पण जिल्ह्याच्या मैदानापर्यंत पोचायला घरापासून निघावं लागतं. भाड्याचे पैसे, सोबतीचा माणूस, बुडणारी मजुरी यांचा हिशेब गरीब आईलाच करावा लागतो. म्हणून मैदान गावातच हवं. 1989पासून स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये मिश्र संघांची पद्धत आहे. दिव्यांग आणि इतर खेळाडू एकाच संघात, आणि सगळ्यांचे गुण मोजले जातात. कामठ्यासारख्या गावातल्या क्रीडा मंडळाला, जिल्हा परिषदेच्या शाळेला हे आजही करता येईल. बोचीसाठी चुन्याच्या चार रेघा, आठ मोठे नि एक लहान चेंडू आणि दर आठवड्याचा एक ठरलेला वार पुरेसा आहे.

वाचकांपैकी कुणाच्या घरी, शेजारी असा मुलगा किंवा मुलगी असेल तर आधी शासकीय रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढून घ्यावं. मग जवळच्या विशेष शाळेत आणि जिल्हा क्रीडा कार्यालयात स्पर्धांची चौकशी करावी. आणि गावात यंदा मंडईच्या निमित्ताने सामने भरवणार असाल, तर वेळापत्रकात या खेळाडूंची एक शर्यत घाला, घड्याळ लावून त्यांची वेळ नोंदवा आणि ती नावासकट फलकावर लिहा.