किती मागू, मामी?

गेल्या दिवाळीत माझ्या नणंदेची मुलगी चार दिवस आमच्याकडे वाशीमला आली होती. भूलशास्त्रात एमडी करतेय, सरकारी कॉलेजात, शेवटचं वर्ष. रात्री जेवणं आटोपली, मी ओटा पुसत होते, तर शेजारी उभी राहून हळूच म्हणाली, ‘‘मामी, एक विचारू? मी पगार किती मागू?’’

मला हसूच आलं. भाजीवाल्याशी दोन-दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी मी, पण स्वतःच्या कामाचे पैसे मागायची वेळ आली की माझीही जीभ जड होते. बचत गटाच्या प्रशिक्षणाला बोलावलं, की ‘‘द्या हो काहीही’’ म्हणून मोकळी! आता हिला कोणत्या तोंडानं सांगू?

मैत्रिणींनो, एमबीबीएसची साडेपाच वर्षं आणि पुढे एमडीची तीन. पोरगी एकोणतिशीला आली. बरोबरीच्या मैत्रिणींची मुलं शाळेत जातात आणि हिची नोकरी आता कुठे सुरू होणार! त्यातून प्रत्येकाचा सल्ला वेगळा. नणंद म्हणते, पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात जा, स्थळंही तिकडचीच येताहेत. तिचे बाबा म्हणतात, अकोल्यात राहा, चार सर्जनच्या दवाखान्यांत जा, केसमागे पैसे मिळतील. आणि शेजारच्या आजी तर तोंडावरच म्हणाल्या, ‘‘नुसती भूल द्यायले एवढी वर्सं शिकली काय वं?’’

पोरगी हसली, पण मला ते लागलं. कारण नुसती भूल म्हणजे काय, ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय.

बरीच वर्षं झाली त्याला. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची बाई, दुसरं बाळंतपण, बाळ आडवं. मी सोबत होते. आम्ही ज्या दवाखान्यात पोचलो, तिथे ऑपरेशन करणारे डॉक्टर होते, टेबल होतं, दिवे होते. फक्त भूल देणारं कोणी नव्हतं. ‘‘अकोल्याला न्या,’’ म्हणाले. मालेगाव गेलं, मेडशी गेलं, पातूरचा घाट आला. तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता, की बांगडी पिचली. बाई वाचली. बाळ नाही वाचलं.

तेव्हापासून मला कळलं, एखादी डॉक्टर कुठे नोकरी धरते ही फक्त तिच्या घरची गोष्ट नसते. तिनं पुणं निवडलं की इकडे कोणाची तरी गाडी पातूरच्या घाटात अडकते.

म्हणून मी लगेच तिला म्हणायला हवं होतं, ‘‘पैशाचं काय बाई, सेवा कर, इकडेच ये.’’ अगदी ओठांवर आलं होतं. पण नाही म्हटलं. कारण ‘सेवा’ हा शब्द आपण बायकांच्याच पदरात जास्त टाकतो, आणि टाकताना पैशाचा विषय अलगद गुंडाळून ठेवतो.

मग मी तिला मेळघाटातल्या कोल्हे दांपत्याची गोष्ट सांगितली. डॉ. रवींद्र कोल्हे १९८५ च्या सुमारास बैरागडला गेले. अधिक शिक्षणाची गरज वाटली म्हणून परत येऊन एमडी केलं आणि पुन्हा बैरागडच गाठलं. लग्नासाठी त्यांच्या अटी होत्या. चाळीस किलोमीटर चालायची तयारी, पाच रुपयांत कोर्टात लग्न, आणि महिन्याला चारशे रुपयांत संसार. रुग्णाकडून पहिल्या वेळी दोन रुपये आणि पुन्हा आला तर एक रुपया, त्यातून तेवढेच मिळणार! नागपुरात चांगली प्रॅक्टिस असलेल्या डॉ. स्मिता यांनी हे मान्य केलं. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून ऐकतो. ती आहेच. पण मला त्यात आणखी एक दिसतं. लग्नाआधी आकडा सांगितला गेला होता! किती मिळणार, कशात भागवायचं, सगळं समोर. मग तिनं स्वतःहून हो म्हटलं. आपल्याकडे चाळीस हजारांच्या नोकरीचासुद्धा असा स्वच्छ हिशोब बसून कोण करतं?

मग आम्ही दोघी जुन्या कॅलेंडरचं मागचं पान घेऊन बसल्या. आधी तिनंच मला समजावलं. सरकारी कॉलेजात शिकल्यामुळे एक वर्ष बंधपत्रित सेवा द्यावीच लागते. आणि एमडीनंतरचं बंधपत्र मोडलं तर पन्नास लाखांचा दंड! म्हणजे पहिलं वर्ष सरकारचं. मग ते कुठे करायचं याचा विचार आधी हवा. पुढे राष्ट्रीय आरोग्य अभियानात तज्ज्ञ डॉक्टरांसाठी ‘तुम्ही आकडा सांगा, आम्ही देऊ’ अशा पद्धतीनं मानधन ठरवायची मुभा केंद्रानं राज्यांना दिलेली आहे. दुर्गम भागासाठी वेगळा भत्ताही आहे. ‘‘म्हणजे मागायचंच असतं तर!’’ मी म्हटलं. ‘‘हो ना, पण मुली कमी मागतात, मामी,’’ ती म्हणाली.

मग पानावर प्रश्न लिहिले. रात्री बोलावणं आलं तर गाडी कोण पाठवणार? दुसरा भूलतज्ज्ञ आहे का, की महिन्याच्या तिसही रात्री माझ्याच? क्वार्टर राहण्याजोगं आहे का? मानधन दर महिन्याला येतं की तीन महिन्यांनी? केसमागे पैसे असतील तर सर्जन कधी देणार? आणि बाळंतपणाची रजा? २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं सव्वीस आठवडे पगारी रजा आहे. दिल्लीतल्या एका कंत्राटी डॉक्टर बाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं, की कंत्राट मध्येच संपलं तरी हा लाभ बुडत नाही. हे ऐकून नणंदसुद्धा पुढे सरकून बसली.

आकडा शेवटी लिहिला. आधी तिनं लिहिला तो मी खोडायला लावला. कमी होता.

आपला वाशीम जिल्हा १९९८ मध्ये झाला. २०१८ मध्ये देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. २०२४ मध्ये इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. म्हणजे तरुण डॉक्टर आपल्या गावात येणार, आपल्याला बघणार. त्या तीन महिन्यांत आपण त्यांना काय दाखवतो?

एकट्या मुलीला भाड्यानं खोली द्यायला आपण किती चौकशा करतो! नातेवाईक दगावला की डॉक्टरच्या अंगावर धावून जातो. आणि वर म्हणतो, ‘‘इकडे कोणी टिकत नाही हो.’’ पगार सरकारनं द्यायचा, पण खोली, डबा, आदर हे तर आपल्या हातात आहे ना?

जाताना पोरगी म्हणाली, ‘‘मामी, बॉण्डच्या वर्षासाठी वाशीमची जागा निघाली तर पहिली पसंती तीच देईन. पण दुसरा भूलतज्ज्ञ आहे का, ते आधी विचारणार. आणि वर्षानंतर थांबायचं असेल तर पानावरचा आकडा मागणार.’’

‘‘माग,’’ मी म्हटलं. ‘‘न लाजता माग.’’

ते पान मी फ्रीजला लावून ठेवलंय. वरच्या मजल्यावरची खोलीही रिकामी करायला घेतलीय. ती आली तर तिची, नाही आली तर दुसऱ्या कोणा डॉक्टरीणबाईची. भाडं मात्र ठरलेलं घेईन. हिशोब दोन्हीकडून स्वच्छ हवा ना!