अडवणारी मूठ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी मुलगी चार वर्षे कराटेच्या वर्गाला जात होती. तपकिरी पट्ट्यापर्यंत पोचली होती. ती 'काता' करू लागली, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकटीने करायच्या त्या हालचाली, की बघत राहावं अशी सफाई. एका संध्याकाळी एसटी स्टँडबाहेर कुणीतरी मागून येऊन तिचं मनगट धरलं, पर्स हिसकली आणि पळाला. ती जागच्या जागी उभी. पर्समध्ये फार काही नव्हतं, तिलाही लागलं नाही, म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला. ती मात्र रात्रभर जागी होती. सकाळी म्हणाली, "अब्बा, मला सगळं आठवत होतं हो. पण त्याने वर्गात धरतात तसा हात धरलाच नाही."

श्रोतेहो, हेच दुखणं सुमारे साठ वर्षांपूर्वी ब्रूस लीला लागलं होतं. आमच्या पिढीने त्याला व्हिडिओवर पाहिलं, त्या किंकाळ्या आणि त्या उड्या. मी आज बोलणार आहे तो वह्यांमधून टिपणं काढत बसणाऱ्या लीबद्दल. हाँगकाँगमध्ये पोरवयातच तो इप मान या गुरूंकडे विंग चुन ही पद्धत शिकला. १९५९ मध्ये अमेरिकेला गेला आणि तिथे शिकवू लागला. १९६४ मध्ये ओकलंड इथे वाँग जॅक मन या कुंग फूच्या जाणकाराशी त्याची बंद दाराआड झुंज झाली. ती किती वेळ चालली, कोण जिंकलं, यावर अजून वाद घातले जातात. लीच्या पत्नीच्या सांगण्यानुसार तीनेक मिनिटांत ली जिंकला. पण जिंकूनही तो खट्टूच होता. समोरचा पळू लागला तेव्हा याला धड ठोसा लावता येईना, आणि वर दम लागला. शिकलेले डाव हातभर अंतरावर उभ्या राहणाऱ्या माणसासाठी होते. हा तर उभाच राहिला नाही!

मग लीने मोडतोड सुरू केली. मुहम्मद अलीच्या लढतींच्या फिल्म पुन्हा पुन्हा पाहून त्याने पाय कसे टाकायचे याचा अभ्यास केला. थोरला भाऊ पीटर तलवारबाज होता, त्या विद्येची पुस्तकं चाळली. धावणं, दोरीच्या उड्या, वजनं वाढवली. १९६७ मध्ये या सगळ्याला त्याने 'जीत कुन दो' असं नाव दिलं. कँटनीज भाषेत जीत म्हणजे अडवणं, कुन म्हणजे मूठ, दो म्हणजे मार्ग.

यातला 'अडवणं' हा शब्द कळला की बाकीचं बरंचसं कळतं. नेहमीची शिकवण अशी की आधी वार रोखायचा, मग उलट मारायचं. म्हणजे दोन हालचाली झाल्या. लीचं म्हणणं, समोरच्याचा वार निघतो त्याच क्षणी आपला सरळ ठोसा त्याच्या वाटेत जाऊ द्या. मारायला निघालेल्या माणसाचं लक्ष मारण्यात असतं, तेव्हा त्याचा बचाव उघडा पडतो. हा डाव मुळात तलवारबाजीतला. उभं राहण्याची तऱ्हाही तिथूनच आली. मुष्टियोद्धा सहसा जोरकस हात मागे राखतो. तलवारबाज तलवार मागे धरून उभा राहील का? म्हणून उजव्या माणसाने उजवा हात पुढे ठेवायचा. त्याला अंतर कमी कापावं लागतं. ठोसा मारताना हात आधी हलला पाहिजे, पाऊल नंतर. खांदा उचलून, मूठ मागे ओढून मारायला जाणं म्हणजे येण्याआधी तार करण्यासारखं आहे. लाथेचंही तसंच. आपलं सर्वांत लांब हत्यार पुढचा पाय, आणि त्याला सर्वांत जवळ समोरच्याची नडगी नाहीतर गुडघा. डोक्यापर्यंत जाणारी लाथ पडद्यावर शोभते. तिला वाट लांबची पडते आणि तोवर आपण एका पायावर!

पुष्कळांना वाटतं, दहा पद्धतींतलं थोडं थोडं घेतलं की झालं. तशी भेळ होते. लीचा भर टाकून देण्यावर होता. मी गझल लिहितो, म्हणून मला हे जवळचं वाटतं. नवशिके कवी येतात, म्हणतात, सर, आम्ही वृत्तं सोडून दिली. अहो, जे हाती आलंच नाही ते सोडणार कसं? लीच्या हातात विंग चुन मुरलेलं होतं, म्हणून त्यातलं काय सुटलं पाहिजे हे त्याला दिसलं.

आणि ते त्याने खऱ्या लढतीत तपासलं. हातमोजे चढवून, डोक्याला, छातीला संरक्षण बांधून शिष्य एकमेकांशी मोकळेपणाने लढत. विरोधच न करणाऱ्या जोडीदाराबरोबरचा सराव त्याला कोरड्या जमिनीवर पोहण्यासारखा वाटे. आपल्या तालमीतल्या पैलवानाला हे नवीन नाही. तिथे जोडीदार रोज खरोखर झटतो, कुणी ठरवून पाठ टेकत नाही.

१९७० मध्ये लीने आपल्या तिन्ही शाळा बंद केल्या. लोक त्याच्या पद्धतीलाच नवा पंथ करू लागतील, ही भीती त्याला होती. त्याच वर्षी पाठीला जबर दुखापत झाली. अंथरुणाला खिळलेल्या त्या महिन्यांत त्याने ढीगभर टिपणं लिहिली. २० जुलै १९७३ रोजी, बत्तिसाव्या वर्षी तो गेला, आणि १९७५ मध्ये त्या टिपणांचं पुस्तक निघालं. त्याची भीती काही खोटी ठरली नाही. त्याने शिकवलं तेवढंच जपायचं की पुढे भर घालत जायचं, यावर अनुयायांत दोन तट पडले.

मुलीने कराटे सोडलेलं नाही. सोडू नये असं मलाही वाटतं. फक्त आता ती मला सांगून ठेवते, "अब्बा, कधीही, कुठूनही हात धरा. सांगून धरायचा नाही." गेल्या शुक्रवारी ती चहा गाळून वळली आणि मी मागून मनगट धरलं. माझी नडगी अजून दुखते आहे.