गोळी बंद केल्यावर

या विषयावर लिहू का, असे मी मराठीच्या सरांना भीतभीतच विचारले होते. सर म्हणाले, "र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढले, आणि आपण अजून विचारतोच आहोत?" तेव्हा वाचकांनी न बिचकता पुढे वाचावे, एवढीच विनंती.

आमच्या मांडवगण फराटा गावी वस्तीवर एक शेजारी आहे. मी त्याला दादा म्हणतो. नाव सांगणार नाही. काही वर्षांपूर्वी त्याचे मन इतके खचले होते की, घरचे त्याला एकट्याला विहिरीकडे जाऊ देत नसत. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायचे, तरी सोबत कोणीतरी जाई. मग डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि माणूस उभा राहिला. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचे वाचून कोणी त्या गोळ्यांना विष समजणार नाही किंवा चालू असलेली गोळी मनानेच एकदम सोडणार नाही. वर्षभराने डॉक्टरांच्याच सल्ल्याने त्याच्या गोळ्या हळूहळू बंद झाल्या. पुढे लग्नही झाले.

एके दिवशी बांधावर बसून तो मला म्हणाला, "तू कालेजात जातोस, इंग्रजी वाचतोस. ह्याच्यावर काय लिवलंय बघ बरं." हातात गोळ्यांची जुनी रिकामी पट्टी होती. गोळ्या चालू असताना गेलेली कामेच्छा गोळ्या सुटल्यावरही परतली नव्हती. शरीराला तो स्पर्शच कळेनासा झाला होता. वहिनी माहेरी निघून गेली होती. एका डॉक्टरांनी "मनाचे खेळ आहेत" म्हणून त्याला वाटेला लावले होते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे सातबाऱ्यापासून बँकेच्या नोटिशीपर्यंत वस्तीवरचे सगळे कागद माझ्याकडे येतात. पण त्या पट्टीवर औषधाचे नाव, मात्रा, तारखा याखेरीज वाचण्याजोगे फारसे नव्हते. दुकानदार कात्रीने पट्टी कापून देतो, माहितीचा कागद सोबत नसतोच. म्हणून मी शोधून वाचू लागलो.

नैराश्यावरच्या या गोळ्या (फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम ही त्यांतली नेहमीची नावे) मेंदूतील सेरोटोनिन हे द्रव्य पेशींना पुन्हा शोषून घेऊ देत नाहीत, त्यामुळे ते दोन पेशींमधल्या फटीत अधिक काळ राहते. गोळ्या चालू असताना कामेच्छा मंदावणे हे नित्याचे आहे आणि बहुतेकांचे ते पुढे पूर्ववत होते. काही थोड्यांचे मात्र महिनोन्महिने, वर्षानुवर्षे होत नाही. २००६ च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकांत अशी उदाहरणे येऊ लागली. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये ही शक्यता माहितीपत्रकात लिहावी असे ठरवले. केस गळण्यावर घेतात त्या फिनास्टेराइडबाबत अमेरिकेत अशी नोंद २०१२ मध्येच झाली होती. (टक्कल पडले तर मुलगी कोण देणार, या धास्तीने असल्या गोळ्या कोणालाही न विचारता घेणारी मुले मी पाहिली आहेत.)

"मग यावर औषध काय?" दादाचा प्रश्न एवढाच होता आणि उत्तर देताना माझी जीभ अडखळली. सिद्ध झालेला उपाय आज नाही. २००३ मध्ये अमेरिकेतील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नव्वद पुरुषांपैकी काहींना सिल्डेनाफिल दिले, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पहिल्या गटात निम्म्याहून अधिकांना चांगला गुण आला, दुसऱ्यात अगदी मोजक्यांना. मी हरखून गेलो. नंतर ध्यानात आले, ते सगळे नैराश्याची गोळी चालू असलेले रुग्ण होते. गोळी सुटल्यावरही उरलेल्या बिघाडावर असा खात्रीचा प्रयोग नाही. एकेका रुग्णाच्या हकिकती आहेत, आणि एकाला लागू पडले ते दुसऱ्याला पडतेच असे नाही.

प्रयोग करायचा तर आधी आजार ओळखता यायला हवा. त्यासाठी रक्ताची तपासणी नाही. नैराश्यातही इच्छा मरते, मग दोष आजाराचा की गोळीचा? इथे बधिरतेचा धागा उपयोगी पडतो, कारण केवळ मन उदास झाल्याने सहसा कातडी बधिर होत नाही. २०२२ मध्ये डेव्हिड हीली व इतर संशोधकांनी निदानाच्या कसोट्या प्रसिद्ध केल्या. त्यांत जननेंद्रियांच्या संवेदनेतील बदल मुख्य धरला आहे; गोळी सुटून किमान तीन महिने झालेले असावेत आणि दुसरे कारण नसावे, असेही म्हटले आहे. इटलीत मिलान विद्यापीठातील रोबेर्तो मेलकांजी यांचा गट उंदरांना ही औषधे देतो, मग बंद करतो आणि मेंदूतील स्टेरॉइड द्रव्यांत काय फरक उरला ते मोजतो. कारण कळले तर उपायाची दिशा सापडेल, असा हा मार्ग. हीली यांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये उपाय शोधणाऱ्यासाठी एक लाख डॉलरचे बक्षीसही जाहीर झाले.

माझ्या अल्पमतीला मात्र खरा अडसर प्रयोगशाळेच्या बाहेरच दिसतो. रुग्ण बोलत नाही, बोलला तर डॉक्टर लिहून घेत नाहीत. म्हणून आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून संशोधनाला पैसा नाही. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे छापली म्हणून १९३४ मध्ये कर्व्यांवर खटला चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड झालाच. दादाने घरात अवाक्षर काढले नाही, यात नवल ते काय?

आपल्याकडे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा सरकारी कार्यक्रम २०१० पासून आहे. त्याचे मुख्य केंद्र गाझियाबादला. रुग्णाला स्वतः भरता येईल असा अर्ज मराठीतही निघाला आहे, आणि १८००-१८०-३०२४ हा मोफत फोन आहे. दिवाळीच्या सुटीत मी तो अर्ज छापून घेऊन गेलो. दादाने पहिलाच प्रश्न विचारला, "नाव टाकावं लागतंय का?"

"नुसती आद्याक्षरं चालतात, दादा."

तो बराच वेळ पेन धरून बसला. मग अक्षरे लिहिली, आणि औषधाचे इंग्रजी नाव पट्टीवरून एकेक अक्षर बघत स्वतःच उतरवून काढले.