शेअर केलं म्हणजे ऑफिसचं झालं?

अकाउंट्स बघणाऱ्या मॅडमनी ‘जीएसटी 2024-25’ नावाचं फोल्डर स्वतःच्या माय ड्राइव्हवर बनवलं आणि ऑफिसातल्या सगळ्यांना शेअर केलं. जो तो त्यात चलनं टाकतो, बिलं चढवतो. आता हे फोल्डर ऑफिसचं झालं, असं सगळे धरून चालतात. लहान-मध्यम ऑफिसांमधला हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे.

शेअर करणं म्हणजे वापरायला देणं. मालकी मॅडमच्या खात्याकडेच राहते. त्या नोकरी सोडून गेल्या, लायसनचे पैसे वाचवायला कुणी त्यांचं खातं डिलीट केलं आणि फायली दुसऱ्याच्या नावावर करायच्या राहिल्या, तर त्यांच्या मालकीच्या फायली खात्याबरोबर जातात. गूगल वर्कस्पेसमध्ये डिलीट केलेलं खातं 20 दिवसांच्या आत परत आणता येतं, पुढे नाही. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये मुदत बदलली नसेल तर गेलेल्या माणसाच्या फायली 30 दिवस राहतात आणि त्यानंतरचे 93 दिवस त्या फक्त अ‍ॅडमिनला परत मिळवता येतात. ऑडिटर कागद मागतो तो बहुधा याच्याही नंतर.

यावरचा उपाय सॉफ्टवेअरमध्येच आहे. गूगलच्या ‘शेअर्ड ड्राइव्ह’मधल्या फायलींची मालकी कोणा एका माणसाकडे नसून संस्थेकडे असते, माणूस गेला तरी फाइल जागेवर राहते. मायक्रोसॉफ्टमध्ये हेच काम शेअरपॉइंट करतं. फुकटच्या जीमेलवर मात्र शेअर्ड ड्राइव्ह बनवता येत नाही, आणि खासगी जीमेलवरच्या फाइलची मालकी कंपनीच्या खात्याकडे थेट सोपवताही येत नाही. म्हणून ‘सध्या माझ्या जीमेलवर करतो, मग बघू’ हे पहिल्याच दिवशी थांबवायला हवं.

मग सगळंच शेअर्डमध्ये टाकावं का? तेही नको. कच्चा मसुदा, अर्धवट हिशेब स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवावा. काम दुसऱ्याच्या हाती जाण्याजोगं झालं की शेअर्डमध्ये. पगारपत्रकं आणि कर्मचाऱ्यांच्या आधार-पॅनच्या प्रती यांना वेगळा ड्राइव्ह हवा, कारण वरच्या फोल्डरला दिलेली परवानगी सहसा खालच्या सगळ्या फोल्डरांना लागू होते. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हयगयीसाठी 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे मालकांनी लक्षात ठेवावं.

‘सगळ्यांना एडिटचे हक्क दिले की कामं अडत नाहीत’ हाही असाच समज. शेअर्ड ड्राइव्हमध्ये ‘कंट्रिब्यूटर’ला फाइल टाकता येते, बदलता येते, पण डिलीट करता येत नाही. बहुतेकांना तेवढं पुरतं. हक्क एकेका माणसाला देण्यापेक्षा ‘अकाउंट्स’, ‘परचेस’ अशा ग्रुपला द्यावेत. नवा माणूस ग्रुपमध्ये आला की हक्क मिळतात, गेला की जातात.

‘लिंक असलेल्या कोणालाही’ हा पर्याय सोयीचा वाटतो. ती लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे गेली की उघडणाऱ्याला साधं लॉगिनही लागत नाही.

सिंक म्हणजे बॅकअप, हेही खरं नाही. एका लॅपटॉपवर डिलीट केलेली सिंकमधली फाइल सगळीकडून जाते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती 30 दिवस असते, मग कायमची पुसली जाते. बॅकअप वेगळा घ्यावाच लागतो.

आणि ऑफिसच्या खात्यातलं ‘पर्सनल’ फोल्डर खासगी नसतं. गरज पडली तर कंपनी अ‍ॅडमिनमार्फत ते उघडू शकते. स्वतःची आयकर विवरणं आणि घराची कागदपत्रं तिथे ठेवू नका.

आज एवढं करा: रोज लागणारं फोल्डर निवडून ‘डिटेल्स’मध्ये ओनर कोण आहे ते बघा. तिथे एखाद्या माणसाचं नाव असेल तर ते फोल्डर शेअर्ड ड्राइव्हवर हलवून घ्या. कोणी नोकरी सोडत असेल तर त्याचं खातं आधी सस्पेंड करा, फायली दुसऱ्याच्या नावावर झाल्याची खात्री करा आणि मगच ते डिलीट करा.