दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या मोटारीची निगा

मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी सहा महिन्यांच्या मुक्कामाला निघालेले निवृत्त दांपत्य घराची व्यवस्था बारकाईने लावते. गॅसचा कॉक बंद केला जातो, फ्रिज रिकामा होतो, कुंड्यांना पाणी घालण्याचे काम शेजाऱ्यांकडे सोपविले जाते. इमारतीच्या आवारातील मोटारीवर मात्र प्लॅस्टिकचे आच्छादन चढते आणि तिची व्यवस्था झाली असे मानले जाते. बदलीच्या गावी एकटेच जाणारे अधिकारी किंवा अनेक महिने समुद्रावर असणारे नोकरदार यांच्याकडेही असेच घडते.

उभी मोटार झिजत नाही, हा समज यामागे असतो. तो किती फसवा आहे याचा अनुभव देशभरातील वाहनमालकांना २०२० साली आला. २५ मार्चपासून लागू झालेल्या टाळेबंदीत कित्येक आठवडे जागची न हललेली वाहने पुन्हा सुरू करताना अनेकांच्या बॅटऱ्या निकामी झालेल्या आढळल्या. चालणारी मोटार वापराने झिजते. उभी मोटार ओलावा, उंदीर आणि विस्मरण यांमुळे झिजते. पहिल्या दोन गोष्टींवर उपाय गॅरेजमध्ये मिळतो, तिसरीवर मात्र मालकालाच करावा लागतो.

ओलाव्याशी सामना

प्रथम मोटार आतून-बाहेरून स्वच्छ धुऊन पूर्णपणे वाळवावी. पक्ष्यांची विष्ठा रंगावर कायमचे डाग पाडते, तर तळाशी चिकटलेला चिखल ओल धरून पत्रा गंजवितो. मुंबई, रत्नागिरी, पणजी, चेन्नई किंवा विशाखापट्टणम यांसारख्या किनाऱ्यावरील शहरांत हवेतील क्षारांमुळे गंज अधिक वेगाने चढतो. त्यामुळे तेथे तळाची धुलाई विशेष काळजीने करावी. प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली वाफ कोंडून राहते. हवा खेळती ठेवणारे कापडी आच्छादन केव्हाही हितकर. पायपोस काढून घरात ठेवावेत, म्हणजे त्यांखाली बुरशी धरत नाही.

इंजिनातील वापरलेल्या तेलात आम्ले व पाण्याचा अंश साठलेला असतो. ते महिनोन्महिने आत राहू देण्यापेक्षा निघण्यापूर्वी बदलून घेणे श्रेयस्कर. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. टाकी जवळजवळ भरलेली ठेवल्यास आत हवेला, पर्यायाने ओलाव्याला, जागा कमी उरते. सीएनजीवर चालणाऱ्या मोटारीच्या सिलिंडरची झडप बंद करावी. विजेवर चालणाऱ्या मोटारीची मुख्य बॅटरी पूर्ण भरून अथवा पूर्ण रिकामी न ठेवता साधारण निम्मी भरलेली ठेवावी आणि उत्पादकाच्या पुस्तिकेतील सूचना पाळाव्यात.

बॅटरी, टायर आणि ब्रेक

मोटार बंद असली तरी घड्याळ, चोरीची सूचना देणारी यंत्रणा आणि इंजिनाचा संगणक बॅटरीतून थोडी थोडी वीज घेतच असतात. रिकामी झालेली बॅटरी तशीच पडून राहिली की तिची वीज साठविण्याची क्षमता कायमची घटते. म्हणून बॅटरी पूर्ण भरून घ्यावी आणि तिच्या तारा सोडवाव्यात. सोडविताना ऋण टोकाची तार आधी काढावी, जोडताना ती शेवटी लावावी. तत्पूर्वी मोटारीचे दार साध्या किल्लीने उघडते याची खात्री करून घ्यावी.

टायरमधील हवा कालांतराने कमी होते आणि सगळा भार एकाच जागी पडून तेथे टायर चपटा होतो. निघताना हवा नेहमीपेक्षा किंचित अधिक, परंतु टायरवर नमूद केलेल्या कमाल मर्यादेच्या आत भरावी. हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण दमट हवेत ब्रेक शू ड्रमला चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत.

पाच मिनिटांचा उपाय टाळावा

‘आठवड्यातून एकदा पाच मिनिटे गाडी सुरू करा,’ अशी विनंती शेजाऱ्यांना सर्रास केली जाते. ती हानिकारकच ठरते. इंजिन सुरू होताना बॅटरीतून जेवढी वीज खर्च होते, तेवढी पाच मिनिटांत भरून निघत नाही. इंजिन व धूर सोडणारी नळी पुरेशी तापत नसल्याने आत तयार झालेले पाणी तेथेच राहते. बंद गॅरेजमध्ये तर विषारी कार्बन मोनॉक्साइड साठून जीवावर बेतू शकते. विश्वासू व परवानाधारक व्यक्ती उपलब्ध असेल, तर तिने पंधरवड्यातून एकदा मोटार अर्धा तास रस्त्यावर चालवावी. तशी व्यक्ती नसल्यास मोटार सुरूच न करणे उत्तम.

उंदीर आणि पूर

उंदरांना मोटारीत अन्न, ऊब आणि आडोसा मिळतो. बिस्किटांचे तुकडे, कागद, कापडी चिंध्या आत राहू देऊ नयेत. धूर सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी तारेची जाळी बसवावी आणि ती काढण्याची आठवण देणारी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधावी.

जागा निवडताना पावसाळ्याचा विचार अवश्य करावा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईला पुराने वेढले. अशा वेळी तळघरातील वाहनतळ सर्वांत आधी भरतात. शक्यतो उंचावरील जागा निवडावी आणि एक किल्ली विश्वासू व्यक्तीकडे ठेवावी. पाण्यात बुडालेली मोटार सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. इंजिनात पाणी असल्यास ते कायमचे मोडते.

कागदपत्रांचे विस्मरण

यंत्राच्या तयारीइतकीच कागदपत्रांची तयारी मोलाची आहे. मोटार चालविली जात नाही म्हणून विम्याचे नूतनीकरण लांबणीवर टाकले जाते. वस्तुतः चोरी, आग आणि पूर ही संकटे उभ्या मोटारीवरही येतात आणि सर्वंकष विमाच त्यांत आधार देतो. विम्याची मुदत संपून ९० दिवस उलटले, तर दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत गमावली जाते. पाच वर्षे सलग दावा न करणाऱ्यास ही सवलत स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत मिळते. सहा महिन्यांच्या मुक्कामात ९० दिवस सहज निघून जातात आणि पाच वर्षांची सावधगिरी एका विस्मरणाने वाया जाते.

मोटार कर्जावर घेतलेली असल्यास विमा चालू ठेवणे ही कर्जाच्या करारातील अटही असते. कर्जाचे मासिक हप्ते मोटार उभी असतानाही चालूच राहतात. त्यामुळे संबंधित खात्यात संपूर्ण काळासाठी पुरेशी शिल्लक ठेवावी. विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र आणि नोंदणी यांच्या मुदतीच्या तारखा एका कागदावर लिहून तो प्रवासाच्या कागदपत्रांतच ठेवावा. विम्याचे नूतनीकरण आता परदेशातूनही ऑनलाइन करता येते.

परतल्यावर

परतल्यावर लगेच किल्ली फिरवू नये. नळीची जाळी काढावी, बॉनेट उघडून उंदरांचे घरटे व कुरतडलेल्या तारा पाहाव्यात, तेल व शीतक द्रवाची पातळी आणि टायरमधील हवा तपासावी, मग बॅटरी जोडावी. पहिले काही किलोमीटर सावकाश जावे आणि ब्रेक हळुवारपणे तपासावेत. ब्रेकच्या चकत्यांवरील पातळ गंज थोड्या वेळात निघून जातो. आवाज कायम राहिल्यास मात्र मेकॅनिकला दाखवावे.

या साऱ्या तयारीला फार तर एक दिवस आणि एका सर्व्हिसिंगइतका खर्च येतो. घराला कुलूप लावताना जी दक्षता घेतली जाते, तिचा थोडा वाटा दाराबाहेर उभ्या असलेल्या मोटारीच्याही वाट्याला यावा.